मरीन रेडिओवरचं डीएससी: लाल बटण सोडून बाकीचंही वापरा की

कुठल्याही बोटीवर जा, व्हीएचएफ रेडिओ दाखवताना मालक सगळ्यात आधी ते लाल झाकण दाखवतो. हे उघडायचं, आतलं बटण दाबून धरायचं, मदत येते. झालं, संपलं ट्रेनिंग. त्याच रेडिओवर दोन बोटं सोडून कॉल नाहीतर मेनू असं लिहिलेलं दुसरं बटण असतं, त्याला वर्षानुवर्षं कुणाचा हात लागलेला नसतो, कधीकधी तर स्क्रीनवरचा कंपनीचा पातळ प्लास्टिकचा कागदही तसाच चिकटलेला असतो. माझं मत विचाराल तर ज्यानं ते दुसरं बटण कधी वापरलेलं नाही त्यानं लाल बटणाच्या भरवशावर राहू नये. दोन्हींच्या मागे यंत्रणा एकच आहे, आणि ती आपल्या बोटीवर खरंच चालते का हे साध्या कॉलमधूनच कळतं, लाल बटण काही ट्रायल म्हणून दाबून बघता येत नाही.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, बाकीच्यांनी पुढे सरका. रेडिओवर कुणाला बोलवायचं तर नेहमीची पद्धत म्हणजे चॅनल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. त्यावर समोरच्या बोटीचं नाव घ्यायचं, आपलं नाव सांगायचं आणि वाट बघायची. समोरचा ऐकत असेल, त्याचा आवाज मोठा असेल, इंजिन चालू नसेल, त्याच वेळी दुसरं कुणी बोलत नसेल तर उत्तर येतं. डिजिटल सिलेक्टिव्ह कॉलिंग, म्हणजे आपलं डीएससी, हे चॅनल ७० वर चालतं, १५६.५२५ मेगाहर्ट्झ. या चॅनलवर बोलायचं नसतंच, आणि चांगला रेडिओ बोलूही देत नाही. तिथं फक्त डेटा जातो. कोण बोलावतंय, कुणाला, कशासाठी, आणि बोलायला कुठल्या चॅनलवर यायचं एवढं सगळं एका छोट्या पुडक्यात बांधून रेडिओ सोडतो आणि ते साधारण अर्ध्या सेकंदात संपतंसुद्धा. मग ज्याचा नंबर त्यात आहे तोच रेडिओ वाजतो, बाकीचे गप्प. भर गर्दीत नाव घेऊन ओरडणं आणि नेमकं त्याच माणसाच्या खांद्यावर हात ठेवणं, एवढा फरक आहे.

आतली गंमत अशी की हे पुडकं सेकंदाला १२०० बिट या वेगानं जातं, आजच्या मानानं अगदीच मुंगीच्या पावलानं, पण त्यात एकेक चिन्ह १० बिटांचं असतं, त्यातले ७ बिट माहितीचे आणि ३ तपासणीचे, आणि वर प्रत्येक चिन्ह थोड्या वेळाच्या फरकानं दोनदा पाठवलं जातं. म्हणजे मधेच खरखर झाली, एक प्रत खराब झाली तरी दुसरी असते, आणि कुठली खराब झाली हे रेडिओला तपासणीच्या बिटांवरून कळतं. म्हणूनच जिथं माणसाचं बोलणं तुटक तुटक येतं, काही अर्थ लागत नाही, तिथूनही डीएससीचा कॉल येतो. टेक्नॉलॉजी जुनी आहे हो, पण ज्यानं केली त्यानं समुद्र बघून केलीय.

रेडिओ घेताना मी एकच गोष्ट बघायला सांगतो, क्लास डी आहे का. क्लास डी मध्ये चॅनल ७० साठी वेगळा रिसीव्हर असतो, म्हणजे तुम्ही ७२ वर कुणाच्या गप्पा ऐकत बसलात तरी मागे ७० वर कान लागलेलाच असतो. काही जुन्या स्वस्त रेडिओंमध्ये एकच रिसीव्हर, तो बिचारा इकडून तिकडे उड्या मारणार, आणि तुम्ही एखाद्या चॅनलवर अडकलात की ७० वरचा कॉल हुकला. खोक्यावर मोठ्या अक्षरात डीएससी लिहिलेलं असतं दोन्हींवर, हीच फसगत.

आता नंबर. प्रत्येक बोटीला ९ आकडी एमएमएसआय मिळतो, त्या त्या देशाचं सरकारी खातं नाहीतर त्यांनी नेमलेली संस्था देते. पहिले तीन आकडे देशाचे, ४१९ दिसलं की भारत, २३२ दिसलं की ब्रिटन. नंबर दोन शून्यांनी सुरू होत असेल तर ते किनाऱ्यावरचं स्टेशन, एकाच शून्यानं सुरू होत असेल तर तो बोटींचा ग्रुप, १११ असेल तर शोध आणि बचावाचं विमान. हे एकदा डोक्यात बसलं की स्क्रीनवर नुसता नंबर आला तरी कोण वाजवतंय याचा अंदाज येतो. नंबर टाकल्याशिवाय रेडिओचं डीएससी चालूच होत नाही, साधा बोलायचा रेडिओ म्हणून चालतो, लाल बटण मात्र शोभेचं. आणि इथंच घोडं पेंड खातं, कारण बहुतेक रेडिओ हा नंबर एकदाच, फार तर दोनदा टाकू देतात, नंतर कुलूप. चुकला तर कंपनीकडे नाहीतर डीलरकडे पाठवा.

एका ओळखीच्यांच्या बोटीवर हे प्रत्यक्ष बघितलंय. बसवणाऱ्यानं रेडिओ लावून दिलेला, जीपीएस जोडलेलं, स्क्रीनवर अक्षांश रेखांश व्यवस्थित, लाल झाकणाचं प्रात्यक्षिक पण देऊन गेलेला. शेजारच्या बोटीवरून आम्ही त्यांना साधा टेस्ट कॉल केला तर काही वाजेना. परत केला, नाही. अँटेनाची वायर बघितली, प्लग हलवून बघितला, सगळं ठीक. मग उलट केलं, त्यांच्याकडून आमच्याकडे कॉल करायला सांगितला, तो आला लगेच, आणि आमच्या स्क्रीनवर जो नंबर आला त्यात शेवटून दुसरा आणि तिसरा आकडा उलटापालटा. कागदावर एक, रेडिओत दुसरा. म्हणजे विचार करा, यांनी मधे समुद्रात लाल बटण दाबलं असतं तर संदेश गेला असता, पोझिशनही बरोबर गेली असती, पण किनाऱ्यावरच्या माणसानं नंबरावरून बोट शोधायला गेलं की भलत्याच बोटीचं नाव, भलत्याच मालकाचा फोन. तो मालक घरी जेवत असणार, म्हणणार माझी बोट तर धक्क्याला बांधलेली आहे. रेडिओ मग काढून सर्व्हिसला पाठवावा लागला. साधा कॉल केला नसता तर हे कधीच कळलं नसतं.

दुसरं म्हणजे पोझिशन. हल्ली बऱ्याच रेडिओंमध्ये जीपीएस आतच असतं, नसेल तर प्लॉटरवरून, म्हणजे समुद्राचा नकाशा दाखवणाऱ्या स्क्रीनवरून, एनएमईए ०१८३ च्या दोन वायरी नाहीतर एनएमईए २००० चं नेटवर्क जोडायचं, या बोटीवरच्या यंत्रांनी एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या पद्धती. ०१८३ ची जोडणी म्हणजे रंगीत वायरींचा खेळ, एका कंपनीचा हिरवा दुसरीचा पिवळा, त्यामुळे दोन्ही मॅन्युअल मांडीवर घेऊन बसायचं आणि एकाचं आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला जातंय ना एवढंच बघायचं, रंगाच्या नादी लागायचं नाही, डेटाचा वेग दोन्हीकडे सेकंदाला ४८०० बिट ठेवायचा. काही जण जोडतच नाहीत, हातानं टाकू म्हणतात. टाकता येतं, पण रेडिओ ४ तासांनी कुरकुर करायला लागतो की पोझिशन जुनी झाली, आणि २३ तास ३० मिनिटांनी ती पुसूनच टाकतो. चालत्या बोटीवर दर थोड्या वेळानं अक्षांश रेखांश टाइप करत बसणारा माणूस मला अजून भेटायचाय. आणि जोडलेलं असलं तरी निघताना स्क्रीनकडे बघा, शेवटचे आकडे हलताहेत का. आकडे गोठलेले दिसले की वायर सुटलीय समजायचं.

हे दोन्ही झालं की मग कॉल. प्रत्येक कंपनीचा मेनू वेगळा पण चाल तीच. कॉलचं बटण दाबलं की यादी येते, इंडिव्हिज्युअल, ग्रुप, ऑल शिप्स, पोझिशन रिक्वेस्ट, टेस्ट असं काहीबाही. इंडिव्हिज्युअल घ्यायचं, आधी साठवलेल्या नावांतून नाव निवडायचं, मग रेडिओ विचारतो कुठल्या चॅनलवर बोलणार, समजा ७२, आणि सेंड. एक बारीक टर्रर्र, तेवढंच, आणि स्क्रीनवर येतं की पोच यायची वाट बघतोय. तिकडे समोरच्या बोटीवर फोनसारखी रिंग वाजते, स्क्रीनवर तुमचं नाव. त्यानं ॲक्सेप्ट दाबलं की त्याचा रेडिओ पोच पाठवतो, आणि हे मला अजूनही बघायला आवडतं, दोन्ही रेडिओ आपले आपण ७२ वर जाऊन बसतात. तुम्ही नुसता माइक उचलायचा आणि बोलायचं. १६ वर नाव पुकारायचं, मग कुठल्या चॅनलला जाऊया ते ठरवायचं, मग एकानं ७२ ऐकलं दुसऱ्यानं ७७, मग परत १६ वर, ही सगळी भानगड गेली. त्याला वेळ नसेल तर तो आत्ता जमत नाही असंही पाठवू शकतो, आणि तो तिथं नसलाच तर त्याच्या रेडिओच्या यादीत तुमचा मिस्ड कॉल पडून राहतो, आल्यावर बघतो.

चॅनल निवडताना जरा अक्कल वापरायची. बोट ते बोट बोलायला ६, ८, ७२, ७७ हे आंतरराष्ट्रीय यादीतले चॅनल आहेत, त्यातही ६ शोध-बचावाच्या कामात लागतो त्यामुळे गप्पांसाठी तो नको. निवडायच्या आधी त्या चॅनलवर जाऊन दोन मिनिटं ऐका, नाहीतर कॉल लागतो आणि दोघंही दुसऱ्या कुणाच्या तरी मासळीच्या हिशेबात जाऊन पडता. किनाऱ्याच्या स्टेशनला कॉल केला तर चॅनल तुम्ही नाही ठरवायचा, ते पोच देतानाच सांगतात कुठं या, आणि रेडिओ तिकडे जातो. आणि पोच आली नाही म्हणून दहा दहा सेकंदांनी सेंड दाबत बसू नका, ७० हा सगळ्यांचा एकच चॅनल आहे, संकटातली बोटही तोच वापरणार.

लोक हे वापरत का नाहीत तर खरं कारण एकच, नंबर टाकायचा कंटाळा. ९ आकडे, एकच गोल नॉब, एकेक आकडा फिरवून दाबा, परत फिरवून दाबा, आणि हे हलत्या बोटीवर चष्मा नसताना. तर ते समुद्रात करूच नका. बोट धक्क्याला बांधलेली असताना चहा घेऊन बसा आणि ज्या बोटींबरोबर नेहमी जाता त्यांचे नंबर, जवळच्या किनारा स्टेशनचा नंबर असं सगळं नावानिशी भरून ठेवा. काही रेडिओंना मोबाइलच्या ॲपमधून किंवा कार्डवरून भरता येतं, तसं असेल तर सुटलातच. चार-पाच बोटी मिळून जात असतील तर ग्रुप नंबर ठरवा, पहिला आकडा शून्य, मग देशाचे तीन आकडे, बाकीचे आपसात ठरवून, आणि तोच नंबर सगळ्यांनी आपल्या रेडिओत टाकायचा. मग एकानं ग्रुप कॉल केला की सगळे एकदम एका चॅनलवर.

एआयएस, म्हणजे आसपासच्या जहाजांची जागा आणि नंबर स्क्रीनवर दाखवणारी यंत्रणा, असेल तर मजा आणखी वाढते कारण नंबर टाइपच करावा लागत नाही. स्क्रीनवर जहाज दिसतंय, त्यावर कर्सर नेला, कॉल दाबला, झालं. रात्री एखादं मालवाहू जहाज सरळ अंगावर येतंय असं वाटतं तेव्हा १६ वर "माझ्या डाव्या बाजूच्या जहाजा" असं ओरडून काही उपयोग नसतो, आसपासच्या चार जहाजांना वाटतं आपल्याला नाही. डीएससीनं त्याच जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून ते चालवतात तिथं, रिंग वाजते. पण एक सांगून ठेवतो, रेडिओवर बोलून रस्ता ठरवायच्या भानगडीत पडू नका. कुणी कुणाला वाट द्यायची याचे नियम ठरलेले आहेत, ते आधी पाळायचे, त्यात तुम्ही लहान आहात तर लवकर आणि ठळक वळण घ्यायचं. कॉलचा उपयोग एवढाच की बाबा मी तुला दिसतोय का. त्यानं उचललाच नाही तर उत्तराची वाट बघण्यात वेळ घालवायचा नाही, सुकाणू आपल्या हातात आहे.

माझं सगळ्यात आवडतं फीचर मात्र पोझिशन रिक्वेस्ट. कुणी बोलतच नाही याबद्दल. दोन बोटी बरोबर निघाल्या, धुकं आलं, समोरचा पुढे आहे का मागे राहिला कळेना, फोनला रेंज नाही. त्याच्या नंबरवर पोझिशन रिक्वेस्ट पाठवली की त्याचा रेडिओ, ऑटोवर ठेवला असेल तर, त्याला न विचारता आपलं आपण उत्तर देतो, आणि तुमच्या स्क्रीनवर त्याचे अक्षांश रेखांश आणि वेळ येते. प्लॉटर जोडलेला असेल तर नकाशावर खूणच उमटते. तिकडचा माणूस जाळ्यात हात घालून उभा असेल, शिडाच्या दोरीशी झगडत असेल, त्याला माइक उचलायची गरजच नाही. धुक्यात आम्ही हे थोड्या थोड्या वेळानं करत राहतो, आणि खूण पुढे सरकलेली दिसली की बरं वाटतं. आता कुणालाही आपली जागा कळू नये असं वाटत असेल तर सेटिंग मॅन्युअलवर ठेवा, मग रेडिओ आधी विचारतो. मासे कुठं लागतात हे लपवणाऱ्यांसाठी ही सोय फार मोलाची!

टेस्ट कॉलचं वर आलंच. मेनूत टेस्ट असं वेगळं असतं, तो मित्राच्या रेडिओला पाठवा, त्याचा रेडिओ आपोआप पोच देतो आणि चॅनलबिनल काही बदलत नाही. काही देशांत किनाऱ्यावरची यंत्रणाही आपोआप उत्तर देते, अमेरिकेच्या कोस्ट गार्डनं त्यासाठी ००३६६९९९९ हा नंबर ठेवलेला आहे. या एका कॉलमध्ये अँटेना, वायर, पाठवणं, ऐकणं सगळं तपासून होतं, आणि मित्राच्या स्क्रीनवर काय आलं ते विचारलं की तुमचा नंबरही. प्रत्येक वेळी निघताना नाही तरी अधूनमधून करायला काय हरकत आहे.

आता ते लाल बटण. झाकण उचलून बटण एकदा हलकं दाबलं की बऱ्याच रेडिओंवर कारणांची यादी येते, आग, पाणी शिरलं, टक्कर, रुतली, कलंडली, बुडतेय, इंजिन बंद पडून वाहतेय, बोट सोडतोय, माणूस पाण्यात, चाचे. वेळ असेल तर निवडायचं, नसेल तर यादीच्या नादाला न लागता सरळ बटण दाबून धरायचं, रेडिओप्रमाणे ३ ते ५ सेकंद, बीप बीप होतं आणि गेलं. कारण न देताही संदेश जातो. त्यात काय जातं तर तुमचा नंबर, पोझिशन, त्या पोझिशनची वेळ आणि कारण. किती माणसं आहेत, बोटीचा रंग काय, जखमी कोण, यातलं काहीही जात नाही, बोटीचं नावसुद्धा नाही. नाव ते नंबरावरून शोधतात, म्हणून नोंदणीत जो फोन दिलाय तो चालू असू दे, घरच्यांचा बदललेला नंबर तिथंही बदला. संदेश गेल्यावर रेडिओ आपण होऊन १६ वर येतो, आणि थोडं थांबून, पोच येवो न येवो, माइक घेऊन मेडे, ही संकटातली ठरलेली हाक, तीनदा म्हणून नाव, नंबर, जागा, काय झालंय, किती जण आहोत हे तोंडानं सांगायचंच. नुसतं बटण दाबून बसणारे फार आहेत.

किनाऱ्यावरून डिजिटल पोच येईपर्यंत रेडिओ तोच संदेश परत परत पाठवत राहतो, दर साडेतीन ते साडेचार मिनिटांनी. हा मधला वेळ मुद्दाम अनियमित ठेवलाय, नाहीतर दोन बोटींनी एकाच क्षणी बटण दाबलं तर दोघांचे संदेश दर वेळी एकमेकांवरच आदळत राहिले असते.

याची दुसरी बाजू म्हणजे दुसऱ्या कुणाचा संदेश आपल्याकडे येतो तेव्हा. रात्री सगळे झोपलेत, एक जण सुकाणूवर, आणि एकदम रेडिओ किंचाळायला लागतो, दोन सुरांत वर खाली, कानात सुई घुसल्यासारखा, आणि कुठलंतरी बटण दाबेपर्यंत थांबत नाही. सगळ्यांची भंबेरी उडते. तर आवाज बंद करायचा, पण स्क्रीन घालवायची नाही. नंबर, जागा, वेळ, कारण कागदावर लिहून घ्यायचं. ती जागा आपल्यापासून किती लांब ते बघायचं. १६ वर कान द्यायचा, किनाऱ्याचं स्टेशन उत्तर देतंय का ऐकायचं. आणि आपल्या रेडिओवर डिजिटल पोच द्यायची सोय दिसलीच तर तिला हात लावायचा नाही! कारण पोच मिळाली की त्या बोटीचा रेडिओ संदेश पाठवायचा थांबतो, आणि किनाऱ्याला तो अजून पोचलाच नसेल तर आपणच त्याचं तोंड बंद केलं असं होतं. कुणी उत्तर देत नसेल तर १६ वर तोंडानं सांगायचं की ऐकलं, आणि किनाऱ्याला कळवायचं, जवळ असू तर निघायचं.

काही जण या किंचाळण्याला वैतागून डीएससीच बंद करून ठेवतात. राग समजू शकतो, लांबचे, चुकून दाबलेले संदेशही येतात, आणि जुन्या रेडिओंवर साध्या कॉललाही तोच बोंबलणारा आवाज. पण नवीन मॉडेलांत साध्या कॉलची रिंग वेगळी, हळू ठेवता येते. सेटिंग शोधा, गळा दाबू नका.

आपल्याकडूनच चुकून गेला, लहान मुलानं दाबला, झाकण अडकून दाबला गेला, तर लाजून रेडिओ बंद करून बसणं हे सगळ्यात वाईट. तिकडे कुणीतरी लाइफबोट सोडायला निघालेलं असतं. मेनूत रद्द करायचं दिसेल ते करायचं आणि १६ वर सगळ्या स्टेशनांना उद्देशून बोटीचं नाव, नंबर, आणि अमुक वाजता गेलेला माझा डिस्ट्रेस संदेश रद्द करा असं स्पष्ट सांगायचं. कबूल केल्यावर सहसा कुणी काही म्हणत नाही, गप्प बसणाऱ्याला मात्र शोधत येतात.

हे सगळं आलं कुठून तर मोठ्या जहाजांसाठी. जीएमडीएसएस नावाची जागतिक व्यवस्था १९९२ पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि १ फेब्रुवारी १९९९ ला पूर्ण लागू झाली, आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनेजच्या वरच्या मालवाहू जहाजांना आणि प्रवासी जहाजांना. तेव्हा असा विचार होता की आता जहाजांनी १६ वर कान लावून बसायची गरज नाही, ७० आहे ना. पण लहान बोटींकडे डीएससी कुठे होतं, त्यामुळे ते १६ ऐकणं पुढे चालूच ठेवलं. म्हणून आजही दोन्ही लागतात.

रेंजबद्दल मात्र भलत्या अपेक्षा नकोत. लोक वॉट विचारतात, बसवलेला रेडिओ २५ वॉटचा आणि हातातला ५-६ वॉटचा, पण खरा खेळ अँटेनाच्या उंचीचा. दोन्हीकडच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढा, बेरीज करा, सव्वादोननं गुणा, साधारण तेवढे सागरी मैल. दोन शिडाच्या बोटी, दोघांच्या डोलकाठीवर १६ मीटरला अँटेना, तर ४ अधिक ४ गुणिले सव्वादोन, १८ मैल. तेच तराफ्यात बसून हातातल्या रेडिओनं, अँटेना पाण्यापासून मीटरभर, समोरही तसाच तराफा, तर साडेचार. पण किनाऱ्याच्या स्टेशनचा टॉवर १०० मीटरवर असेल तर त्याच हातातल्या रेडिओचा हिशेब २४-२५ मैलांवर जातो, कमी वॉटमुळे प्रत्यक्षात कमीच धरा. म्हणून हातातला रेडिओ घेताना जीपीएस आणि डीएससी असलेला घ्या, तो बोट सोडल्यावरही तुमच्याबरोबर असतो. त्याचा नंबर ८ नं सुरू होणारा वेगळा मिळतो, निदान बऱ्याच देशांत.

लाइफजॅकेटमध्ये बसणारी ती छोटी यंत्रंही आली आहेत, माणूस पाण्यात पडला की सुरू होणारी. त्यात एआयएसवर ९७२ नं सुरू होणारा नंबर दिसतो, आणि डीएससीवालं असेल तर ते आधी आपल्याच बोटीच्या रेडिओला वाजवतं. पण त्यासाठी आपल्या बोटीचा नंबर त्या यंत्रात भरलेला लागतो! दुकानातून आणून जॅकेटमध्ये तसंच खोचलेलं यंत्र आपल्या बोटीला ओळखणार कसं.

आणि शेवटी जुना रेडिओ किंवा जुनी बोट घेणाऱ्यांसाठी. आत आधीच्या मालकाचा नंबर असतो. बोटीबरोबर रेडिओ आला असेल तर नोंदणी आपल्या नावावर करून घ्यायची, नंबर तोच राहू शकतो की नवीन घ्यायचा हे तिथले नियम सांगतील. नुसता रेडिओ घेतला असेल तर आतला नंबर काढून टाकायला लागतो, आणि ते घरी होत नाही, कंपनीच्या सर्व्हिसकडेच. म्हणून पैसे द्यायच्या आधी मेनूत जाऊन एमएमएसआय बघा, मालकाकडचा कागद बघा, दोन्ही जुळले की मित्राला तिथूनच एक टेस्ट कॉल लावा. सर्व्हिसचा खर्च कुणी करायचा हे घासाघीस करतानाच ठरवून टाका.